शिबिर रविवारी, मग सोमवारी काय?

आधी प्रश्न थोडक्यात सांगते. विचारणारा मुंबईतल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला आहे. तो आणि त्याचे अकरा मित्रमैत्रिणी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पालघर जिल्ह्यातल्या जव्हार तालुक्यातल्या एका पाड्यावर मोफत आरोग्य शिबिर घेणार आहेत. औषधं जमली आहेत, बसची सोय झाली आहे. अशात एक सिनियर म्हणाला, "असल्या शिबिरांचा काही उपयोग नसतो, फोटो काढून परत याल." तेव्हापासून सगळ्यांची चलबिचल सुरू आहे. शिबिर नीट कसं घ्यावं, आणि मुंबईतच वाढलेल्या मुलांनी पुढे येणाऱ्या बॉण्डच्या वर्षाची, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या सक्तीच्या सेवेची, तयारी कशी करावी, असे दोन प्रश्न त्याने विचारलेत.

मी पीएसएम, म्हणजे रोगप्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यक, या विभागात शिकवते. कागदोपत्री आमच्या विषयाला जनऔषधवैद्यकशास्त्र म्हणतात. त्याआधी दोन वर्षं तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, म्हणजे आजच्या पालघरमध्ये, प्राथमिक आरोग्य केंद्रावर वैद्यकीय अधिकारी होते. गेली वीसेक वर्षं इंटर्नच्या तुकड्या घेऊन गावात जाते. तुमच्या सिनियरचं म्हणणं मला अर्धं पटतं. फोटो काढून परत येणारी शिबिरं मी खूप पाहिली आहेत. पण "म्हणून जाऊच नका" हे मला पटत नाही. तुमचा खरा प्रश्न शिबिराचा नाहीच. रविवारी ज्याला तुम्ही हात लावाल, त्याचं सोमवारी कोण बघणार, हा खरा प्रश्न आहे. याचं उत्तर तुमच्याकडे असेल तर शिबिर साधं असलं तरी कामाचं. नसेल, तर औषधांची दहा खोकी नेऊनही फारसं काही होत नाही.

काही गोष्टी मला इथे बसून ठरवता येणार नाहीत, त्या तुमच्या तुम्हालाच बघाव्या लागतील. तुम्हाला बोलावलंय कोणी? पाड्याने, तिथल्या आशाताईंनी, आरोग्य केंद्राने, की मुंबईतल्या कुणा ओळखीच्या माणसाने? तालुका आरोग्य अधिकारी आणि त्या हद्दीतल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवलंय का? सोबत नोंदणीकृत डॉक्टर आहेत का? नसतील तर औषधं द्यायचा विचार आजच सोडा, विद्यार्थ्याला तो अधिकार नाही. आणि तुम्ही परत जाणार आहात का? एकदाच जाऊन येणार असाल तर पुढचं उत्तर वेगळं, वर्षभर जाणार असाल तर वेगळं. मी दुसरं गृहीत धरून लिहिते आहे, कारण तुमच्या प्रश्नात मला तळमळ दिसली.

मी असं का म्हणते, ते एका आजीवरून सांगते. नोकरीच्या पहिल्याच वर्षी माझ्या हद्दीत एका संस्थेने मोठं शिबिर घेतलं. मीही एका टेबलावर बसले होते. पाच तासांत माझ्या टेबलावरून १४० माणसं गेली, म्हणजे माणशी दोन मिनिटं. त्यात एक आजी होत्या. गुडघे दुखतात म्हणून आलेल्या. रक्तदाब निघाला १८०/११०. संस्थेने आणलेल्या साठ्यातून मी पंधरा दिवसांच्या गोळ्या दिल्या, "रोज सकाळी एक घ्या" म्हटलं आणि पुढच्या माणसाला बोलावलं. तीन महिन्यांनी लसीकरणाच्या फेरीला त्याच पाड्यावर गेले, तर आजी ओटीवर बसलेल्या, तोंड डावीकडे वाकडं, उजवा हात मांडीवर तसाच पडलेला. सुनेने आतून पत्र्याचा डबा आणून दाखवला. त्यात मी दिलेल्या गोळ्यांपैकी आठ शिल्लक होत्या, चिंधीत गुंडाळून ठेवलेल्या. "चांगल्या गोळ्या होत्या, म्हणून जपून ठेवल्या," ती म्हणाली, "डोकं लय दुखलं की एक देत होतो."

मी त्या घरात काय बोलले ते आठवत नाही. डबा मात्र अजून डोळ्यांसमोर आहे. आजींना काहीच दुखत नसताना रोज गोळी घ्यायची, ती संपली की पुन्हा आणायची, आणि ती कुठे मिळते, हे त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. मी सांगितलं नव्हतं. आमच्या आरोग्य सेविका तीन पाडे सोडून राहत होत्या. महिन्यातून दोनदा त्याच ओटीवरून जात होत्या. पण त्यांच्या वहीत आजींचं नावच नव्हतं, कारण शिबिराची यादी संस्थेच्या गाडीतून मुंबईला परत गेली होती. त्या यादीत आजी "लाभार्थी" होत्या.

तेव्हापासून माझा एक नियम आहे. ज्या आजाराची नोंद त्या गावात राहणाऱ्या माणसाच्या वहीत होणार नाही, तो आजार मी शिबिरात शोधायला जात नाही. शोधून वाऱ्यावर सोडायचं, याला मी सेवा म्हणणार नाही.

आता जव्हारबद्दल थोडं. १९९२-९३ साली वावर-वांगणी परिसरात कुपोषणाने मुलं दगावली आणि या तालुक्याचं नाव देशभर गेलं. तेव्हापासून तिथे मंत्री आले, पत्रकार आले, संस्था आल्या, आमच्यासारखे डॉक्टर आले. पाड्यावरच्या लोकांना पाहुणे नवीन नाहीत. बस आली की रांग कुठे लावायची, मुलाला कुठे उभं करायचं, काय दुखतं म्हणून सांगितलं की कोणती गोळी मिळते, हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. म्हणून रांग मोठी लागली यावरून शिबिर चांगलं झालं असं समजू नका.

दुसरं, तुम्ही जाल ती जागा रिकामी नसते. आदिवासी आणि डोंगराळ भागात साधारण ३,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र आणि २०,००० ला एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा निकष आहे. उपकेंद्रात आरोग्य सेविका असते, पाड्यात अंगणवाडी सेविका असते आणि २००५ नंतर आशाताई आल्या. आशाताई बहुतेक वेळा त्याच गावची सून असते. दवाखान्यात बाळंतपण झालेल्या घरी ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते, बाळाचं वजन करते, अंगाला हात लावून गार-गरम बघते. ही पद्धत कुठून आली ठाऊक आहे? गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळ तपासायला शिकवलं. त्या गावांत नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले आणि तो अभ्यास १९९९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. ज्या बाईला तुम्ही शिबिराच्या दिवशी "ताई, जरा रांग सांभाळा" म्हणणार आहात, तिच्या हातात असं काम आहे. तिला टेबलाच्या तुमच्या बाजूला, तुमच्या शेजारी खुर्ची द्या.

मुंबईच्या डॉक्टरांना हे नवं वाटायचं कारण नाही. जे. जे.मध्ये प्लास्टिक सर्जन असलेले डॉ. नोशीर अँटिया कुष्ठरोग्यांच्या वाकड्या झालेल्या बोटांवर शस्त्रक्रिया करत. सत्तरच्या दशकात ते बंदर ओलांडून पलीकडे मांडव्याला गेले आणि तिथल्या साध्या, थोड्या शिकलेल्या बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. एवढा मोठा सर्जन, पण त्याच्या लक्षात आलं की गावाला रोज लागणाऱ्या उपचारांपैकी बराच भाग गावातलीच बाई सांभाळू शकते. आज भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने लोक सुट्टीला मांडव्याला जातात. तुम्ही गेलात तर हेही आठवा.

तर ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी काय करायचं? बारा जणांनी एकदम जाण्याआधी दोन आठवडे तिघांनी जाऊन या. औषधं न घेता. एक मुलगी तरी हवीच, नाहीतर बायका बोलणार नाहीत. आधी आरोग्य केंद्रात जा, वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारा, "तुमचं कोणतं काम अडलंय?" मग आशाताई आणि अंगणवाडी सेविका यांच्याबरोबर अर्धा दिवस नुसतं फिरा. त्यांच्या वह्या बघा. कुणाचं हिमोग्लोबिन पुन्हा बघायचंय, सिकलसेल या रक्ताच्या आजाराची प्राथमिक चाचणी पॉझिटिव्ह आली पण पुढची तपासणी झाली नाही असं कोण आहे, टीबीच्या गोळ्या कुणाच्या चालू आहेत, लसीचा डोस कुणाचा चुकला. ही यादी म्हणजे तुमचं शिबिर. रांग लावून जो येईल त्याला तपासण्याऐवजी, ज्यांची नावं त्या यादीत आहेत त्यांच्या घरी जा.

आणि महिना ऑक्टोबर आहे म्हणून एक गोष्ट नीट समजून घ्या. माझ्या मते तुमच्या सगळ्या बेतात तीच सर्वांत महत्त्वाची आहे. तेव्हा भाताची कापणी चाललेली असते. दिवसा घरात म्हातारी माणसं आणि लहान मुलंच असतात, बाकी सगळे शेतात. कापणी-झोडणी उरकली आणि दिवाळी झाली की घरंच्या घरं जगायला बाहेर पडतात. विशेषतः कातकरी आणि वारली कुटुंबं. कुणी भिवंडी, वसई, कल्याणच्या वीटभट्ट्यांवर, कुणी बांधकामावर, कुणी मच्छीमार बोटींवर. बऱ्याच जणांनी मालकाकडून आधीच उचल घेतलेली असते, ती फेडायला जावंच लागतं. होळीला काही जण येऊन जातात, बाकीचे पावसाच्या तोंडावर परततात. मधल्या सहा-सात महिन्यांत ती बाई गरोदर असेल तर तिची तपासणी कुठे झाली, मुलाची लस राहिली का, टीबीच्या गोळ्या कोण देतंय, हे पाड्यातल्या आशाताईला कळायला मार्ग नसतो. आणि भट्टीजवळच्या आशाताईच्या वहीत या लोकांचं नावच नसतं.

आता नकाशा बघा. ज्या मुलाला तुम्ही ऑक्टोबरमध्ये जव्हारला भेटाल, ते मूल डिसेंबरमध्ये तुमच्या हॉस्टेलपासून लोकलने तास-दीड तासावर असेल. मुंबईच्या विद्यार्थ्यांना जे जमेल ते जव्हारच्या आरोग्य केंद्राला जमणार नाही. म्हणून त्या रविवारी पाड्यावरून जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाची एक ओळ लिहून घ्या. कोण जाणार, कुठल्या गावाजवळच्या भट्टीवर, मुकादमाचा फोन आहे का, बाईला कितवा महिना, मुलाचा पुढचा डोस कधी. माता-बाल संरक्षण कार्ड घरातल्या पेटीत न ठेवता सोबत न्यायला सांगा, आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून द्या, कारण भट्टीवरच्या झोपडीत दवाने कागद राहत नाही. यादीची एक प्रत आशाताईकडे, एक वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे. माहिती आजाराची आहे, ती विचारून घ्या आणि कुठल्याही ग्रुपवर टाकू नका. मग डिसेंबरमध्ये तिघे-तिघे जण भट्टीवर जा आणि जवळच्या आरोग्य केंद्रातल्या सेविकेला घेऊन जा. ती जागा कुठे आहे हे तिला एकदा कळलं की पुढचं लसीकरण ती करते. माझ्या एका तुकडीने असं केलं होतं. सतरा कुटुंबांपैकी अकरा सापडली, सहा सापडली नाहीत. त्या अकरांत आठव्या महिन्याची एक मुलगी होती, हिमोग्लोबिन साडेसहा, म्हणजे धोक्याइतकं कमी. ती वेळेत रुग्णालयात पोचली ती त्या एका ओळीमुळे.

त्या दिवशी हाताने काय तपासायचं? थोडंच, पण नीट. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांच्या दंडाचा घेर घ्या. डावा दंड, खांद्याचं टोक आणि कोपर यांच्या बरोबर मधोमध, हात सैल सोडलेला, पट्टी कातडीला टेकलेली पण रुतलेली नाही. ११.५ सेंटिमीटरच्या खाली आलं तर मूल तीव्र कुपोषित, त्याचं नाव त्याच क्षणी अंगणवाडी सेविकेच्या वहीत गेलं पाहिजे. मी पहिल्यांदा पट्टी लावली तेव्हा मूल रडत होतं, आईने हात घट्ट धरला होता आणि मी घाईत वाचलं १२. आमच्या सेविकाबाई काही न बोलता खाली बसल्या, मुलाच्या हातात बांगडी दिली, ते खेळायला लागलं, मग पट्टी लावली. ११.३. त्या सात मिलिमीटरांत त्या मुलाचा उपचार होता.

तसंच श्वास मोजणं. खोकला असलेलं मूल शांत असताना, सदरा वर करून, घड्याळ बघत पूर्ण साठ सेकंद. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याला ५० किंवा जास्त, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त म्हणजे न्यूमोनियाची शक्यता. आयांना हे वेगळ्या शब्दांत माहीत असतं. त्या म्हणतील "बाळाचं पोट उडतंय". हे ऐकलं की हातातलं सोडून आधी त्या बाळाकडे जा.

हे शब्द तुम्हाला शिकावे लागतील. तुम्ही मराठी बोलता म्हणजे सगळं कळेल असं नाही. "श्वेतप्रदराचा त्रास आहे का?" असं विचारणारी इंटर्न मी पाहिली आहे, समोरच्या बाईने मान हलवून "नाही" म्हटलं. "अंगावरून पांढरं जातं का?" विचारल्यावर तीच बाई पंधरा मिनिटं बोलली. अंग मोडून येतं, कसकस वाटते, घेरी येते, हातापायाला मुंग्या येतात, मुरडा पडतो, उमासे येतात. या प्रत्येकाचा अर्थ तुमच्या पुस्तकात आहे, नाव तेवढं वेगळं आहे. पाड्यावर वारली किंवा कातकरी बोलीतले आणखी शब्द येतील. ते न कळल्याचं सांगा आणि विचारा. लोक आनंदाने सांगतात. दोन वर्षांत मी एक वही भरली होती, अजून वापरते.

भगताकडे गेला होता का, हेही विचारा, पण रागावून नाही. ओरडलात तर पुढच्या वेळी ते सांगणार नाहीत, आणि साप चावल्यावर दोन तास कुठे गेले हे तुम्हाला कधीच कळणार नाही. मी भगतांना भेटायला जायचे. त्यातल्या एकाशी एवढंच ठरलं होतं की साप आणि अडलेली बाई, या दोन्हींत आधी गाडीला फोन, मग मंत्र. त्याने ते पाळलं.

आहाराचा सल्ला हा सगळ्यांत सोपा आणि सगळ्यांत वाया जाणारा भाग आहे. "दूध, फळं, अंडी, हिरव्या भाज्या खा," असं सांगून इंटर्न मोकळे होतात. त्याऐवजी विचारा, "काल रात्री काय शिजवलं होतं?" नागलीची भाकरी, उडदाचं पातळ कालवण, सुकट, कधी नुसती पेज. तांदूळ घरचा किती महिने पुरतो हेही विचारा. मग त्या घरात जे आहे त्यातून काय करता येईल ते बोला. मुलाच्या पेजेत चमचाभर तेल, शेवग्याचा पाला, अंगणवाडीतलं अंडं खरंच मुलाच्याच पोटात जातंय ना. पहिल्या पावसात तिथे रानात शेवळं नावाची भाजी उगवते. ती खाजरी असते, म्हणून काकड नावाच्या झाडाची फळं घालून शिजवतात, हे मला एका बाळंतिणीच्या सासूने शिकवलं. तिला रानातल्या वीसेक भाज्या माहीत होत्या. तिला "हिरव्या भाज्या खा" सांगायला आपण कोण? बाळंतिणीला त्यातल्या कोणत्या चालतात, कोणत्या ती मुद्दाम टाळते आणि का, हे विचारलं तर तिच्याशी खरं बोलणं सुरू होतं.

आता बॉण्डचं वर्ष. शासकीय आणि महापालिकेच्या महाविद्यालयांतून एमबीबीएस झालेल्यांना एक वर्षाची सेवा करायची असते. तुम्ही त्यातून सुटायची वाट शोधत नाही, याचा मला आनंद आहे. तयारीबद्दल मात्र एक गैरसमज काढून टाका. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात सगळं बघायला मिळतं, पण एकट्याने करायला फार थोडं मिळतं. तिथे तुमच्यावर निवासी डॉक्टर, त्याच्यावर लेक्चरर, त्याच्यावर युनिट हेड. आरोग्य केंद्रात रात्री दोन वाजता तुम्ही, एक परिचारिका आणि गाडीचा चालक. म्हणून इंटर्नशिपमध्ये साध्या गोष्टी मागून घ्या. साधं बाळंतपण स्वतःच्या हाताने करा. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव कसा थांबवायचा, न रडणाऱ्या बाळाला पहिल्या मिनिटात श्वास कसा द्यायचा, हे बाहुलीवर शंभर वेळा करा. कीटकनाशक प्यायलेला रुग्ण आला तर आधी कपडे काढून अंग धुवायचं, हे हाताला सवयीचं झालं पाहिजे.

साप हा वेगळा अभ्यास आहे. नाग, मण्यार, घोणस, फुरसं ही चार नावं पाठ असतात, पण मण्यार चावलेला माणूस "साप चावला" म्हणून येत नाही. रात्री जमिनीवर झोपलेला असतो, दंश दुखत नाही, पहाटे पोट दुखतं म्हणून येतो. पापण्या बघा. जड होऊन खाली येत असतील तर पोटदुखीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवू नका. घोणस किंवा फुरशाचा संशय असेल तर वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी. काचेची कोरडी, स्वच्छ नळी, त्यात दोन मिलिलिटर रक्त, न हलवता वीस मिनिटं उभी ठेवायची, मग तिरपी करून बघायचं. रक्त पातळच राहिलं तर विष भिनलंय. नळी प्लास्टिकची चालत नाही आणि साबणाने धुतलेलीही चालत नाही, रक्त चांगलं असूनही गोठत नाही आणि तुमची दिशाभूल होते. केंद्रात रुजू झाल्याच्या पहिल्या दिवशी कपाट उघडून बघा, काचेच्या नव्या नळ्या आहेत का, प्रतिविषाच्या किमान दहा कुप्या आहेत का, आणि शेजारी अ‍ॅड्रेनॅलिन आहे का. प्रतिविषाची रिअ‍ॅक्शन आल्यावर ते शोधत बसायला वेळ नसतो.

"गावात एक वर्ष गेलं की अभ्यासात मागे पडू," अशी भीती तुम्ही लिहिली नाही, पण ती असते, दर तुकडीत असते. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर आठवा. रायगड जिल्ह्यातल्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात त्यांच्यासमोर विंचू चावलेली मुलं मरत होती. ते रुग्णाजवळ बसून राहिले, तासातासाला नाडी, रक्तदाब, श्वास लिहून ठेवत गेले, मृत्यू फुप्फुसात पाणी भरून होतो हे त्यांनी ओळखलं आणि रक्तदाबासाठी मिळणारं प्राझोसिन वापरून बघितलं. लाल विंचवाच्या दंशाने होणारे मृत्यू त्याने झपाट्याने खाली आले. मोठ्या रुग्णालयात बसून हे सुचलं नसतं, कारण ती मुलं तिथवर पोचतच नव्हती.

आणि तयारीसाठी बॉण्डची किंवा ऑक्टोबरची वाट बघायची गरज नाही. २०२२ पासून तुमच्या अभ्यासक्रमात कुटुंब दत्तक कार्यक्रम आहे, पहिल्या वर्षापासून काही कुटुंबं तुमच्या नावावर असतात. बहुतेक जण त्याकडे लॉगबुक भरायचं काम म्हणून बघतात. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी अनेक वर्षांपासून गावात जाऊन राहतात, नेमून दिलेल्या कुटुंबांकडे वर्षानुवर्षं परत परत जातात, आणि तिथून बाहेर पडलेल्या डॉक्टरांशी बोलताना मला फरक जाणवतो. तुमची कुटुंबं मुंबईच्या वेशीवरची असतील तरी चालतील, त्यांच्या घरी लॉगबुकात नसलेल्या दिवशीही जा.

वॉर्डातही गाव असतंच. जव्हारशेजारच्या मोखाड्याचे रुग्ण बऱ्याचदा नाशिकला जातात, पण जव्हारच्या पतंगशहा कुटीर रुग्णालयातून पुढे पाठवलेले काही ठाण्या-मुंबईपर्यंत येतात. पुढच्या वेळी असा रुग्ण घरी सोडताना डिस्चार्ज कार्डावर खाली चार ओळी मराठीत लिहा. आजार काय, गोळी कोणती, किती दिवस, जवळच्या आरोग्य केंद्रात काय तपासायचं. "टीडीएस" (दिवसातून तीनदा) आणि "फॉलोअप ओपीडी" वाचून आशाताईला काही कळत नाही. "आठ दिवसांनी दाखवायला या" लिहिण्याआधी विचारा, यायला किती एसटी बदलाव्या लागतात आणि त्या दिवशीची मजुरी किती बुडते.

सेवा हा शब्द वापरताना मला एक गोष्ट नेहमी आठवते. मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यात आहे. परळच्या हॉस्टेलमध्ये तुम्ही नळ सोडता त्यात त्या डोंगरांतलं पाणी असतं. त्याच तालुक्यात एप्रिल-मेमध्ये बायका हंडे घेऊन विहिरीच्या तळाशी उतरतात. त्यांच्या डोक्यावरचा भार, गरोदरपणातली पाठदुखी, मुलांची हगवण, हे सगळं तुमच्यासमोर केस म्हणून येणार आहे. आपण तिथे उपकार करायला जात नाही, एवढं मनात पक्कं असलं की बोलण्याचा सूर आपोआप बरोबर लागतो.

राहता राहिली औषधांची खोकी. त्यांची मुदत बघा, वैद्यकीय अधिकाऱ्यांना यादी दाखवा, त्यांना जी चालतील ती आरोग्य केंद्राकडे रीतसर जमा करून पावती घ्या. नको म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नका. बॅनर नको. मुलांचे फोटो तर नकोतच.

आधी जाणाऱ्या तिघांनी आशाताईंचा नंबर घ्याल तेव्हा आणखी एक विचारा, फोनला रेंज कुठे आणि कधी मिळते. माझ्या ओळखीच्या एक आशाताई संध्याकाळी साडेसहाला पाड्यामागच्या टेकडीवर शेळ्या आणायला जातात, तेवढा वेळच त्यांचा फोन लागतो. तुमच्या आशाताईंची वेळ लिहून घ्या आणि शिबिरानंतरच्या सोमवारी नेमका त्याच वेळी फोन करा.